धरणाचं पाणी चढण्याआधी: विस्थापित होणाऱ्या गावांसाठी मोबदला आणि पुनर्वसनाची वाटचाल, टप्प्याटप्प्याने

माझ्या आजोळचं गाव सह्याद्रीतल्या एका जलाशयाखाली आहे. मे महिन्यात पाणी खाली गेलं की देवळाचा चौथरा आणि दोन-तीन घरांची जोती वर येतात. आजोबांच्या घराचा पंचनामा झाला तेव्हा त्यात ओसरी धरली नाही, गोठा धरला नाही. घरात राहणारी त्यांची विधवा बहीण कागदावर कुठेच आली नाही. ती पुढे चाळीस वर्षं जगली, पण सरकारी हिशेबात ती विस्थापित झालीच नव्हती. लहानपणापासून हे ऐकत आलोय, म्हणून हा लेख लिहितो आहे.

आता सह्याद्रीत पुन्हा मोजणीवाले दिसू लागले आहेत. वरच्या तळ्यातून पाणी सोडून वीज करायची आणि स्वस्त विजेच्या वेळी तेच पाणी पुन्हा वर चढवायचं, असे पंप्ड स्टोरेजचे प्रकल्प अनेक घाटांत येऊ घातले आहेत. ज्यांच्या गावात अशी चाहूल लागली आहे त्यांच्यासाठी मुख्यतः हे लिखाण आहे. जुन्या धरणांच्या लोकांसाठी शेवटी वेगळा भाग दिला आहे.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. मोबदला आणि पुनर्वसन हे दोन वेगळे हक्क आहेत. मोबदला गेलेल्या मालमत्तेचा असतो, पुनर्वसन मोडलेल्या संसाराचं असतं. पैसे घेतले म्हणून पुनर्वसनाचा हक्क आपोआप संपत नाही. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्यालाही पुनर्वसन मागता येतं.

वीजप्रकल्पाची खास अडचण

सिंचनाच्या धरणाला लाभक्षेत्र असतं. ज्यांची शेतं धरणामुळे भिजणार, त्यांच्या जमिनीतला काही वाटा काढून बुडितातल्या लोकांना द्यायचा, या तत्त्वावर महाराष्ट्राचा पुनर्वसन कायदा उभा आहे. १९७६ चा कायदा, मग १९८६ चा आणि आता लागू असलेला १९९९ चा, तिन्ही त्याच वाटेचे. लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्यांच्या सातबाऱ्यावर 'पुनर्वसनासाठी राखीव' असा शेरा दिसतो, तो यामुळेच.

पण निव्वळ विजेच्या प्रकल्पाला लाभक्षेत्र कुठलं? कोयनेचं पाणी बोगद्यातून घाटाखाली जातं, वीज करतं आणि वाशिष्ठीला मिळतं. कृष्णा पाणीवाटप लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी असं पश्चिमेकडे वळवायला मुभा दिली. मुळशीचं पाणीही तसंच कोकणात उतरतं. जिथे गाव बुडालं तिथे आसपास ओलिताची जमीन तयारच झाली नाही. त्यामुळे कोयनेच्या माणसांना सांगली, सोलापूर, रायगड, ठाण्यापर्यंत पांगावं लागलं. त्यात कोयनेच्या वेळी पुनर्वसनाचा कायदाही नव्हता. धरणाचं काम पन्नाशीच्या दशकात सुरू झालं आणि राज्याचा पहिला कायदा १९७६ साली आला.

म्हणून वीजप्रकल्पाच्या गावाने पहिल्या बैठकीपासून एकच प्रश्न लावून धरावा: जमीन कुठली देणार, तिचे गट नंबर सांगा. 'धोरणानुसार दिली जाईल' हे उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या, पण त्यावर समाधान मानू नका. जवळच्या दुसऱ्या प्रकल्पाच्या लाभक्षेत्रात जमीन द्यावी, अशी मागणी ग्रामसभेच्या ठरावाने करा.

टप्पा १: अफवा असतानाच कागद जमवा

अधिसूचना निघाल्यावर धावपळ सुरू होते आणि तलाठी कार्यालयात रांग लागते. त्याआधीच प्रत्येक घराची एक फाइल तयार करा. सातबारा, आठ-अ, जुने फेरफार, गटाचा नकाशा, घराचा आठ नंबरचा उतारा, घरपट्टीच्या पावत्या, वीजबिल, रेशनकार्ड, मतदार यादीतलं पान, शाळा सोडल्याचे दाखले.

मग बघा की सातबाऱ्यावर नाव कोणाचं आहे. आपल्याकडे निम्म्या वेळा ते वारलेल्या आजोबांचं असतं. वारस नोंद करून घ्या, मुलींची नावंही घाला. सामाईक खातं असेल तर खातेफोड लवकर करा. राज्याच्या कायद्याखाली कलम ११ ची अधिसूचना निघाली की कलम १२ प्रमाणे जमिनीच्या हस्तांतरणावर आणि वाटणीवर बंधन येतं. त्यानंतर तीन भावांचं एकच खातं राहिलं तर पुढची वीस वर्षं तिघंही एका तुकड्यासाठी कचेऱ्या झिजवतात.

कुळाची नोंद, 'इतर हक्क'मधल्या नोंदी आणि विहिरीतला हिस्सा आताच तपासा. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीकडे खास लक्ष द्या. तिथे नाचणी-वरी आलटून-पालटून होते, पण कागदावर बऱ्याचदा पोटखराबा (लागवडीला अयोग्य) किंवा पडीक असं लिहिलेलं असतं. पीकपाहणीत पिकाची नोंद नसेल तर या हंगामापासून ती करून घ्या.

जंगलजमीन कसणाऱ्यांसाठी २००६ चा वनहक्क कायदा हाच आधार आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असल्याचा पुरावा लागतो. जुन्या दंडाच्या पावत्या आणि गावातल्या म्हाताऱ्यांचे जबाब चालतात. दाव्यांची पडताळणी पूर्ण होईपर्यंत उठवता येत नाही, असं त्या कायद्याच्या कलम ४(५) मध्ये आहे. गावाचा सामूहिक दावाही टाका. नर्मदेवरच्या सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावं बुडितात आली, सगळी नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. तिथल्या किती तरी आदिवासी कुटुंबांचं नाव कोणत्याच उताऱ्यावर नव्हतं. पिढ्यान्पिढ्या कसलेल्या जमिनीवर त्यांना 'अतिक्रमणदार' म्हटलं गेलं. तो शब्द पुसायला त्यांना वर्षानुवर्षं लढावं लागलं.

या काळात दलाल येतील. 'सरकार कमी देईल, आम्ही आत्ताच रोख देतो,' असं म्हणतील. खासगी कंपनीसाठी सरकार जमीन संपादित करत असेल तर केंद्राच्या २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते, सरकार-खासगी भागीदारीत ७० टक्के. कंपनीने ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त जमीन थेट खरेदी केली तरी पुनर्वसनाची जबाबदारी तिच्यावर येते. सुट्या सुट्या खरेदीखतांनी गाव पोखरलं गेलं की ही ताकद जाते. म्हणून गावाने एकत्र बसून ठरवावं की अमुक तारखेपर्यंत कोणीही साठेखत करायचं नाही.

टप्पा २: नोटिसा वाचा, मुदती मोजा

१ जानेवारी २०१४ पासून भूसंपादनाचा २०१३ चा कायदा लागू आहे. त्यात आधी सामाजिक परिणाम मूल्यमापन असतं, गावात जनसुनावणी होते आणि अहवाल स्थानिक भाषेत प्रसिद्ध करावा लागतो. ज्या सिंचन प्रकल्पांना पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास सक्तीचा आहे, त्यांना या मूल्यमापनातून सूट आहे. तुमचा प्रकल्प कोणत्या खान्यात टाकला आहे, हे लेखी विचारा. 'सिंचन' म्हणून सूट घ्यायची आणि 'वीज' म्हणून लाभक्षेत्रातली जमीन नाकारायची, असं दोन्हीकडून होऊ देऊ नका.

त्यानंतर कलम ११ ची प्राथमिक अधिसूचना येते. तिच्यापासून ६० दिवसांत कलम १५ खाली हरकत घेता येते. हरकत प्रत्येक खातेदाराने स्वतंत्र द्यावी. गावाच्या एका अर्जावर दोनशे सह्या असल्या तर तो एकच अर्ज मोजला जातो. पोच शिक्क्यानिशी घ्या आणि सुनावणी मागा. पुढे कलम १९ ची घोषणा, मग कलम २१ ची नोटीस आणि मग कलम २३ चा निवाडा, म्हणजे मोबदल्याचा निर्णय. घोषणेपासून बारा महिन्यांत निवाडा व्हायला हवा. समाजमंदिराच्या भिंतीवर एक मोठा तक्ता करून या तारखा रंगाने लिहा. एका गावात मी असा तक्ता पाहिला आहे, तिथे शाळेतली मुलंसुद्धा 'हरकतीला अकरा दिवस उरले' असं सांगायची.

टप्पा ३: मोजणी आणि पंचनामा

माझ्या मते सगळ्या प्रक्रियेत सर्वांत महत्त्वाचे दिवस हेच. मोबदल्याचा दर कमी लागला तर न्यायाधिकरणाकडे वाढवून मागता येतो, पण पंचनाम्यात नसलेली विहीर पाणी चढल्यावर कोण दाखवणार?

संयुक्त मोजणीला घरातलं जाणतं माणूस हजर हवं. मुंबईला नोकरीला असलेल्यांनी रजा काढावी, नाहीतर लेखी अधिकारपत्र द्यावं. मोजणीदारासोबत बांधाबांधाने फिरा. पूर्ण संचय पातळीचे (धरण भरल्यावर पाणी जिथवर येतं त्या रेषेचे) दगड कुठे रोवले आहेत ते पाहा आणि त्यांचे फोटो काढा. तुमच्या शेताचा वरचा तुकडा बुडत नसेल पण त्याकडे जायची वाट बुडत असेल, तर तो तुकडाही निकामीच झाला. जमीन तुटल्यामुळे होणारं नुकसान मोबदला ठरवताना धरायचं असतं (कलम २८). घराचा अर्धाच भाग संपादनात येत असेल तर पूर्ण घर घ्या, असं मालक सांगू शकतो (कलम ९४).

घराच्या पंचनाम्याला उभं राहून एकेक गोष्ट मोजून लिहून घ्या: ओटी, माजघर, माळा, पडवी, गोठा, परडं, कणगीची जागा, न्हाणी, संडास, पाण्याची टाकी, कुंपण, मांडव. भिंत दगडाची की मातीची, छप्पर कौलाचं की पत्र्याचं, लाकूड सागाचं की जांभळाचं, हेही लिहा. त्यावर मूल्यांकन बदलतं. झाडं मोजताना नुसती संख्या घालू नका, आंबा किती वर्षांचा, फणस फळाला आलेला की नाही, हेही घाला. हिरडा, बेहडा, काजू, बांबूचं बेट, बांधावरचे शेवगे, सगळं. विहिरीची खोली, बांधकाम, पंप, पाइपलाइन.

पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नका. काही सुटलं असेल तर सहीवर 'पुढील बाबींची नोंद झालेली नाही' असं लिहून यादी द्या. मग सही. प्रत मागा, नाही दिली तर त्याच दिवशी अर्ज करा. घराचा, आतून-बाहेरून, तारीख दिसेल असा व्हिडिओ करून ठेवा.

टप्पा ४: संकलन यादीत प्रत्येक कुटुंब

पुनर्वसन कचेरीत 'संकलन रजिस्टर' नावाचं पुस्तक असतं. किती कुटुंबं, किती माणसं, किती जमीन गेली, काय द्यायचं, काय दिलं, हे सगळं त्यात. पुढची पन्नास वर्षं कोणतीही मागणी केलीत की साहेब पहिल्यांदा हे रजिस्टर उघडतात. त्यात नाव नसेल तर दार बंद.

त्यामुळे यादी जाहीर झाल्यावर ग्रामसभेत मोठ्याने वाचून घ्या. कायद्याप्रमाणे कोण येतं, ते नीट बघा. २०१३ च्या कायद्यात प्रत्येक सज्ञान व्यक्ती, लग्न झालेली असो वा नसो, मुलगा असो वा मुलगी, स्वतंत्र कुटुंब धरली जाते. विधवा, घटस्फोटित आणि नवऱ्याने टाकलेल्या बायकाही स्वतंत्र कुटुंब. ज्यांना जमीन नाही पण उपजीविका त्याच गावावर आहे, असे शेतमजूर, कुळं, वाटेकरी, कारागीर, तीन वर्षं तिथे राहत असतील तर बाधित. सुतार, लोहार, न्हावी, गावातला किराणा दुकानदार, नदीत मासे धरणारी कुटुंबं, कातकऱ्यांची वाडी, सगळी यात येतात. यादी करणारा खातेदारांच्या उताऱ्यावरून यादी करतो, म्हणून हीच माणसं सुटतात. त्यांची नावं शोधून घालणं हे गावातल्या शिकलेल्या पोरांचं काम आहे.

नर्मदेच्या लवादाने १९७९ च्या निवाड्यातच सज्ञान मुलग्याला वेगळं कुटुंब मानलं होतं आणि २५ टक्क्यांहून अधिक जमीन गमावणाऱ्याला किमान दोन हेक्टर जमीन द्यावी, असं ठरवलं होतं. त्यात मुली नव्हत्या. पस्तीसेक वर्षांनी कायदा मुलींपर्यंत पोहोचला, तेव्हा आता त्या हक्काचा वापर करा.

टप्पा ५: मोबदल्याचा हिशेब स्वतः मांडा

बाजारमूल्य तीन रकमांपैकी जी जास्त ती: मुद्रांकाच्या दरपत्रकातली किंमत, मागच्या तीन वर्षांतल्या शेजारच्या खरेदीखतांपैकी वरच्या निम्म्या खतांची सरासरी, किंवा संमतीने ठरलेली रक्कम. डोंगरातल्या गावात खरेदीखतं होतातच कमी आणि झाली तरी किंमत कमी दाखवलेली. दुय्यम निबंधक कार्यालयातून आसपासच्या गावांच्या इंडेक्स टूच्या (नोंदलेल्या खरेदीखताच्या सारांशाच्या) नकला काढा आणि चांगल्या दराची खतं स्वतःहून हरकतीला जोडा. संपादन अधिकाऱ्याने ती शोधावीत, अशी वाट पाहू नका.

मग हिशेब असा. समजा दोन एकर जमीन, एकरी पाच लाख, म्हणजे बाजारमूल्य १० लाख. ग्रामीण भागासाठी कायदा १ ते २ पटीचा गुणक देतो. तो २ असेल तर २० लाख. घर, विहीर, झाडं ४ लाखांची असतील तर २४ लाख. त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम, म्हणजे आणखी २४ लाख. एकूण ४८ लाख. शिवाय सामाजिक परिणाम मूल्यमापनाच्या अधिसूचनेपासून निवाडा किंवा ताबा यांपैकी जे आधी होईल तोपर्यंत बाजारमूल्यावर वर्षाला १२ टक्के. तुमच्या प्रकल्पाला कोणता गुणक लावला आहे, ते निवाड्यात पाहा. वेगवेगळ्या प्रकल्पांना तो वेगळा असू शकतो.

पैसे घेताना पावतीवर 'तक्रार राखून, हक्क अबाधित ठेवून स्वीकारले' असं लिहा. मोबदला, क्षेत्र किंवा वाटणी मान्य नसेल तर कलम ६४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे संदर्भ अर्ज करायचा. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर मुदत सहा आठवडे आहे. इतरांना थोडी वेगळी मुदत असली तरी सहा आठवडे हीच धरून चाला. शेजाऱ्याला न्यायाधिकरणाने वाढवून दिलं आणि तुम्ही अर्ज केला नव्हता, तर त्या निकालापासून तीन महिन्यांत कलम ७३ खाली तुम्हीही मागू शकता.

रक्कम नवरा-बायकोच्या संयुक्त खात्यात घ्या. चांगल्या घरांतली मोठी रक्कम दोन पावसाळ्यांत गाडी, लग्न आणि कुणाला तरी दिलेल्या उसनवारीत गेलेली मी पाहिली आहे. निम्मी रक्कम तरी मुदत ठेवीत टाका आणि जमीन मिळेपर्यंत तिला हात लावू नका.

टप्पा ६: जमीन मागा, तीही पाहून

राज्याच्या कायद्यात पर्यायी जमीन हवी असेल तर मोबदल्यातली ६५ टक्के रक्कम कब्जेहक्काची रक्कम म्हणून भरावी लागते. त्यासाठी विकल्प लेखी द्यायचा असतो, मुदतीत. कित्येकांना हे सांगितलंच गेलं नाही. त्यांनी सगळा मोबदला उचलला आणि मग जमीन मागायला गेल्यावर '६५ टक्के भरले नाहीत' म्हणून नकार मिळाला. अशी प्रकरणं उच्च न्यायालयापर्यंत गेली आहेत. विकल्पाचा अर्ज दोन प्रतींत करा, एकीवर पोच घ्या आणि कापलेल्या रकमेची पावती फाइलमध्ये लावा. २०१३ च्या कायद्याचं कलम १०८ सांगतं की राज्याच्या कायद्यात जास्त मिळत असेल तर बाधित कुटुंब ते निवडू शकतं. दोन्ही मांडण्या शेजारी-शेजारी लिहून काढा आणि मगच ठरवा.

जागा बघायला एकट्या पुढाऱ्याला पाठवू नका. प्रत्येक वाडीतला एक पुरुष आणि एक बाई जाऊ द्या. एकदा मे महिन्यात, एकदा भर पावसात. मातीचा पोत पाहा, चोपण आहे का ते पाहा, विहिरींना पाणी किती खोलावर आहे ते विचारा. भात पिकवणाऱ्या माणसाला काळ्या रानात ज्वारी करायला शिकावं लागणार आहे, हे लक्षात ठेवा. आणि सर्वांत आधी पाहा की त्या जमिनीत आज नांगर कोणाचा चालतो. लाभक्षेत्रातला मूळ मालक अजून कसत असेल, त्याला त्याचा मोबदला मिळालेला नसेल, तर तुमच्या हातात आदेश येईल पण शेत येणार नाही. तो मालकही शेतकरीच आहे. त्याच्याशी भांडण लावून देणाऱ्या वाटपाला नाही म्हणा.

वाटप आदेश, मोजणी, कब्जेपट्टी, फेरफार आणि सातबाऱ्यावर नाव, या पाचही गोष्टी झाल्या की जमीन मिळाली असं समजा. ही जमीन भोगवटादार वर्ग २ म्हणून मिळते, म्हणजे परवानगीशिवाय विकता येत नाही. यात तुमचं संरक्षणच आहे. २०१३ च्या कायद्याप्रमाणे जमीन आणि घर नवरा-बायको दोघांच्या नावावर देता येतं, आणि नोंदणीचा खर्च प्रकल्पाने करायचा असतो.

रोख घेऊन स्वतःच जमीन खरेदी करा, असं सांगितलं तर सावध राहा. मध्य प्रदेशात सरदार सरोवराच्या विस्थापितांना असंच विशेष पॅकेज दिलं गेलं. त्यातून बनावट खरेदीखतांचा मोठा गैरव्यवहार उभा राहिला आणि न्यायमूर्ती झा आयोगाला त्याची चौकशी करावी लागली. पैसे गेले, जमीन आली नाही.

टप्पा ७: इतर देणी, थोडक्यात

२०१३ च्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत ही देणी आहेत: घर गेलं तर बांधलेलं घर, वर्षभर महिन्याला ३,००० रुपये निर्वाह भत्ता, सामान हलवायला ५०,०००, पुनर्वसन भत्ता ५०,०००, गोठा किंवा लहान दुकान यासाठी किमान २५,०००, कारागिरांना किमान २५,०००. नोकरी, किंवा एकरकमी ५ लाख, किंवा वीस वर्षं महिना २,००० रुपये, यांतला एक पर्याय. अनुसूचित क्षेत्रातून विस्थापित होणाऱ्या अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबांना आणखी ५०,०००. जलविद्युत आणि सिंचन प्रकल्पांत बाधितांना जलाशयात मासेमारीचे हक्क देता येतात. ते सहकारी संस्था काढून मागा, नाहीतर ठेका बाहेरच्या माणसाकडे जातो.

प्रकल्पग्रस्ताचा दाखला जिल्हा पुनर्वसन अधिकारी देतात. गट क आणि ड च्या सरकारी भरतीत ५ टक्के समांतर आरक्षण त्यावर मिळतं. घरातल्या कोणाच्या नावे तो काढायचा, हे शांतपणे ठरवा. यावरून भावाभावांत वैर झालेलं आहे.

टप्पा ८: गाव हलण्याच्या आधी

महाराष्ट्रात लोक '१८ नागरी सुविधा' म्हणतात, केंद्राच्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत २५ बाबी आहेत. रस्ते, पिण्याचं पाणी, गटार, वीज, शाळा, अंगणवाडी, दवाखाना, रेशन दुकान, स्मशानभूमी, गुरांना पाणी, चराईची जागा, देवस्थान. यादी घेऊन नव्या गावठाणात जा. नळ सोडून बघा. शाळेला मास्तर नेमला आहे का ते विचारा. स्मशान खरंच आहे का ते पाहा. नव्या वसाहतीतल्या पहिल्या मयताला शेजारच्या गावाने जागा नाकारली, तर त्या घराचं दुःख दुप्पट होतं.

आणि वाड्या फोडू देऊ नका. लांब जावं लागलं तरी भावकी, शेजार, देव, भजनी मंडळ एका ठिकाणी गेलं तर माणसं तरतात. कोयनेचं एकेक गाव चार-चार जिल्ह्यांत वाटलं गेलं. सोयरिकी तुटल्या, गावकीच्या जत्रेला माणूस उरला नाही.

२०१३ च्या कायद्याचं एक कलम गावातल्या प्रत्येकाला तोंडपाठ हवं. कलम ३८: सिंचन आणि जलविद्युत प्रकल्पांत पुनर्वसन पाणी चढण्याच्या सहा महिने आधी पूर्ण झालं पाहिजे. आपल्याकडची धरणं जूनच्या आधी घळभरणी करून टाकतात, म्हणजे नदीच्या पात्रातली शेवटची फट बुजवतात, मग पावसाळा येतो आणि माणसं आपोआप निघून जातात. 'आधी पुनर्वसन, मग धरण' ही घोषणा धरणग्रस्तांच्या चळवळीने याच अनुभवातून दिली. म्हणून घळभरणीची तारीख आधी लेखी मागा. त्याच्या सहा महिने आधी पुनर्वसनाची यादी अपुरी असेल तर तेव्हाच जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन द्या, तेव्हाच वकील गाठा. मुळशीत १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळे रामनवमीला धरणाच्या कामाच्या जागी जाऊन बसले. ५२ गावांचा प्रश्न होता. धरण झालंच, पण विस्थापितांच्या बाजूने संघटित उभं राहायचं असतं, ही रीत तिथे पडली. आजच्या कायद्यातली कलमं त्या रीतीचीच कमाई आहेत.

जुन्या धरणग्रस्तांसाठी

कोयनेची तिसरी-चौथी पिढी अजून जमिनीसाठी आंदोलनाला बसते. तुम्ही त्यांपैकी असाल तर सुरुवात संकलन रजिस्टरपासून करा. माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा अर्ज करा. आपल्या राज्यात अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांच्या आत लागतो, म्हणून चार वेगळे अर्ज करा: आपल्या खातेदाराच्या नोंदीची नक्कल, निवाड्याची नक्कल, कब्जेहक्काच्या रकमेची नोंद, आणि वाटप झालेल्या जमिनीचे गट नंबर. उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे. नाही आलं तर पहिलं अपील.

नक्कल हाती आली की तीन खाने पाहा. 'देय जमीन' आणि 'दिलेली जमीन' यांत फरक आहे का? गट नंबर दिला आहे, पण त्या गटाच्या आजच्या सातबाऱ्यावर दुसऱ्याचं नाव आहे का? आणि शेरा काय आहे, 'स्वेच्छेने गेले' असं लिहिलं आहे का? हा शेरा अनेकांच्या माथी मारला गेला आहे. तो चुकीचा असेल तर तो रद्द करण्याचा स्वतंत्र अर्ज जिल्हा पुनर्वसन अधिकाऱ्यांकडे द्या. सोबत जुन्या गावची मतदार यादी, शाळेचा दाखला आणि स्थलांतराच्या वेळचं काहीही, बोटीचं तिकीट असलं तरी, जोडा. जलाशयाच्या काठावर राहिला असाल तर उन्हाळ्यात उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीच्या वाटपासाठीही अर्ज द्या, आणि तो पाणी ओसरण्याआधी, दिवाळीच्या सुमारास द्या. आपल्याच बुडालेल्या शेतात तेव्हा गहू-हरभरा पेरता येतो.